खामच्या दोन तीरांवरील काळ

बारापुल्ला दरवाजातून बाहेर पडून खाम नदी ओलांडली की छावणी लागते. आज हे अंतर पायी जाणाऱ्यालाही क्षुल्लक वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो शेतकरी शहरातील कचेरीत साऱ्याचा भरणा करून संध्याकाळी छावणीच्या बाजारात येत असे, त्याच्या हातातील पावतीवर फसली सन आणि फारसी महिना असे, छावणीतील गोऱ्या अंमलदाराच्या मेजावर इसवी सनाची तारीख असे, वाटेतल्या मशिदीत हिजरी सनाचा चांद्रमास चालू असे, आणि कर्णपुऱ्याच्या देवीपुढे बसलेला भटजी शालिवाहन शकातील तिथी सांगत असे. निजाम सरकारच्या कचेऱ्या शुक्रवारी बंद राहात, छावणीतील दफ्तरे रविवारी. आणि छावणीचा आठवडी बाजार, जो आजही गुरुवारी भरतो, तो या दोन्ही सुट्ट्यांशी काही देणेघेणे न ठेवता आपल्या वाराने भरत असे. एका नदीच्या दोन तीरांवर, हाकेच्या अंतरावर, चार कालगणना एकाच वेळी नांदत होत्या, आणि बहुतेक माणसे दिवसातून दोन-तीन वेळा एकीतून दुसरीत सहज जा-ये करीत होती.

भूत, वर्तमान आणि भविष्य यांकडे निरनिराळ्या समाजांतील माणसे कोणत्या नजरेने पाहतात, याचे मोजमाप करण्याचा उद्योग विद्वानांनी गेली साठ-पासष्ट वर्षे मोठ्या चिकाटीने चालविला आहे. त्या उद्योगाविषयी मला आदर आहे. तथापि ज्या मापाने एक संपूर्ण समाज भूतकाळाभिमुख किंवा भविष्याभिमुख ठरविता येतो, ते माप या नदीच्या काठी आणून लावून पाहावे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे, आणि त्यासाठी प्रथम या चार कालगणना येथे कोठून आल्या हे सांगितले पाहिजे.

त्यांपैकी जी सर्वांत जुनी, ती याच परिसरातील राजाच्या नावाने चालते. शालिवाहन शकाचा आरंभ इसवी सन ७८ मध्ये धरतात आणि त्याचे नाते लोकपरंपरेने पैठणशी जोडले आहे. मातीचे सैनिक घडवून त्यांत प्राण भरणारा कुंभाराच्या घरचा तो मुलगा गोदाकाठच्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. इतिहासपंडित त्या आरंभाचा मान शक किंवा कुषाण राजांना देतात, पण गुढी उभारणाऱ्या मनुष्याला तो वाद आवश्यक वाटत नाही; त्याच्या दृष्टीने वर्षाची सुरुवात एका विजयाच्या स्मरणाने होते, आणि ते स्मरण त्याच्या अंगणापासून एका दिवसाच्या वाटेवर घडलेले असते.

दुसरीची कथा अधिक गहन आहे. हिजरी वर्ष चांद्र, म्हणून ते सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. साऱ्याच्या वसुलीला हे वर्ष लावले तर मोहरम कधी सुगीत येतो, कधी ऐन उन्हाळ्यात, आणि तेहतीस सौर वर्षांत चौतीस वर्षांचा सारा मागण्याचा प्रसंग येतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास आपली राजधानी देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, आणली. ते ठिकाण छावणीपासून फार दूर नाही. त्याच्याच राजवटीत, १३४४ साली, हिजरी सनाचा ७४५ हा आकडा धरून पुढची वर्षे सौर मानाने मोजावयास आरंभ झाला, असे सामान्यतः मानतात. हाच तो सुहूर सन, ज्याला आपल्या लोकांनी मृगसाल असे सुरेख नाव दिले, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की तो बदलतो. पुढे शहाजहानने १६३६ साली, हिजरी १०४६ धरून, दक्षिणेत फसली सन सुरू केला, तोही त्याच रीतीने: हिजरीचा आकडा त्या क्षणी थांबवावयाचा आणि त्यापुढची वर्षे पिकाबरोबर चालवावयाची.

येथे एक हिशेब आहे, जो मला दर वेळी नव्याने थक्क करतो. सुहूर सनात ५९९ मिळविले की इसवी सन येतो. दक्षिणी फसलीत ५९० मिळविले की इसवी सन येतो. दोहोंत नऊ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर कोणी ठरविलेले नाही. १३४४ ते १६३६ ही सूर्याची २९२ वर्षे होतात, तर चंद्राने त्याच काळात ३०१ वर्षे मोजली, त्या नऊ वर्षांची ती खूण आहे. हिजरी सन हा वाहता प्रवाह, आणि दख्खनच्या शेतकऱ्यासाठी राज्यकर्त्यांनी त्याचे पाणी दोन वेळा अडविले. प्रत्येक बांधाची उंची त्या त्या क्षणी जितकी होती तितकीच कायम राहिली. उत्तरेकडील फसली अकबराच्या राज्यारोहणाच्या वर्षापासून, म्हणजे हिजरी ९६३ पासून, चालू झाली असल्याने तिचा आकडा दक्षिणी फसलीहून दोन वर्षांनी मागे राहतो. एकाच बादशाहीत, एकाच नावाचा सन, आणि दोन आकडे!

आमच्या मराठी कारकुनांनी या साऱ्याचे जे केले ते तर कोणत्याही परदेशी पंडिताने अभ्यासावे असे आहे. पेशवाईतील कागदाच्या शेवटी ‘छ’ हे अक्षर दिसते. तो ‘चंद्र’ या शब्दाचा संक्षेप, आणि त्याच्यापुढे मोहरम, रबिलावल, सवाल अशा मुसलमानी महिन्याची चंद्रतिथी येते. त्याच्या शेजारी सुहूर सन असतो, तोही अंकांत नव्हे तर अरबी शब्दांत, आधी एकम, मग दशम, मग शतक अशा उलट्या क्रमाने: ‘समान सबैन मया व अलफ’, म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७८. ज्या गृहस्थाने हे लिहिले तो सकाळी संध्या करून, पंचांग पाहून कचेरीत आलेला असे. महिना चंद्राचा आणि हिजरी, वर्ष सूर्याचे आणि मृगाचे, शब्द अरबी, लिपी मोडी, भाषा मराठी. आणि या सर्वांत त्याला कोठे विसंगती वाटल्याचे एकाही कागदावरून दिसत नाही.

मलिक अंबरने १६१० साली खडकी वसविली, औरंगजेबाच्या दक्षिणेतील दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ नंतर, तिला औरंगाबाद हे नाव मिळाले, आणि २०२३ पासून ती छत्रपती संभाजीनगर आहे. बिकानेरचा राजा कर्णसिंह बादशाही चाकरीत येथे राहिला, त्याच्या नावाचा कर्णपुरा आणि त्याच्या पुत्राच्या नावाचा पदमपुरा अजून वसलेले आहेत. निजामअलीने १७६३ साली राजधानी हैदराबादेस नेल्यावर हे शहर हळूहळू आठवणींचे शहर झाले. ज्या शहराचा दरबार गेला, त्या शहराचा वर्तमानकाळ आकुंचित होतो आणि भूतकाळ प्रत्येक दरवाजाच्या कमानीत येऊन बसतो. नेमक्या अशा शहराच्या पश्चिमेस, नदीपलीकडे, इंग्रजांची छावणी उभी राहिली, जिचा सारा दिवस बिगुलावर चाले आणि जिच्या दफ्तरांत पुढील महिन्याच्या पगाराचे, पुढील हंगामाच्या चंदीचे आणि पुढील कूचाचे आकडे असत.

या छावणीत १८५७ च्या जूनमध्ये जे घडले त्याकडे बंडाची एक स्थानिक हकीकत म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. मला ती काळाविषयीच्या दृष्टींची टक्कर वाटते.

हैदराबाद कंटिंजंट ही निजामाच्या नावाची, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौज होती. १८५३ च्या तहाने तिच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला होता. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद ही तिची ठाणी. औरंगाबादेस त्या वेळी तिचे पहिले घोडदळ होते. मे महिन्यात मेरठ आणि दिल्ली पेटली. त्याच महिन्याच्या १६ तारखेस हैदराबादेत निजाम नासिरुद्दौला वारला आणि अफजलुद्दौला गादीवर आला. आणि जूनमध्ये, म्हणजे शके १७७९ च्या ज्येष्ठात, हिजरी १२७३ च्या शव्वालात, छावणीत अशी कुणकुण पसरली की घोडदळाला दिल्लीकडे कूच करावयाचे आहे. सवारांनी उघड सांगितले की आम्ही निजामाचे चाकर आहोत, त्याच्या मुलखाबाहेर जाणार नाही आणि दिल्लीच्या बादशहाविरुद्ध शस्त्र उचलणार नाही.

त्या बादशहाची सत्ता लाल किल्ल्याच्या भिंतीपलीकडे चालत नव्हती, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु औरंगाबादच्या बाजारात चालणाऱ्या निजामी नाण्यावर त्या वर्षापर्यंत मोगल बादशहाचेच नाव होते. सवाराच्या कमरेच्या कसनीत असलेला रुपया त्याला सांगत होता की मालक दिल्लीत आहे. छावणीतील हजेरीपट सांगत होता की मालक कलकत्त्यात आहे. आणि उत्तर हिंदुस्थानच्या बाजारांतून पसरलेले भाकीत सांगत होते की पलाशीच्या लढाईला येत्या २३ जून रोजी शंभर वर्षे पुरी होतात, आणि कंपनीचे राज्य शंभर वर्षांचेच आहे. नाणे भूतकाळाचे, पगार वर्तमानाचा, भाकीत भविष्याचे, आणि तिन्ही एकाच माणसाजवळ. त्याला भूतकाळाचा गुलाम म्हणावे तर त्याच्या मनात उद्याच्या राज्याचे चित्र होते. त्याला भविष्यवादी म्हणावे तर ते चित्र गेलेल्या बादशाहीचेच होते.

कॅप्टन ॲबट हा त्या घोडदळाचा अधिकारी. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज तोफांसह येऊन पोहोचली, सवारांना कवायतीच्या मैदानावर उभे करून नावे पुकारण्यात आली, आणि त्यांच्यापैकी मीर फिदा अली याने ॲबटवर गोळी झाडली. ती लागली नाही. त्याला फाशी देण्यात आले. इतरांपैकी कित्येकांना गोळ्या घातल्या, कित्येकांना तोफेच्या तोंडी दिले. शहराने ही जागा विस्मृतीत जाऊ दिली नाही. आज ज्याला क्रांती चौक म्हणतात तेथील काळ्या चबुतऱ्याशी ती स्मृती बांधलेली आहे. आणि त्याच चौकात शिवजयंती तारखेने साजरी करणारे वेगळे आणि तिथीने साजरी करणारे वेगळे. तारीख आणि तिथी यांचा हा आग्रह बाहेरच्या मनुष्याला क्षुल्लक वाटेल. पण ज्या भूमीत चार सनांनी एकमेकांशेजारी राज्य केले तेथे स्मरण कोणत्या काळात करावयाचे, हा स्मरणाइतकाच गंभीर प्रश्न असणे स्वाभाविक आहे.

त्यानंतर घड्याळ आले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडकडून मीटरगेज रेल्वे येथे पोहोचली, तेव्हा रेल्वेचा काळ मद्रासचा होता, आणि १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. या शहरावरचा सूर्य प्रमाणवेळेहून सुमारे अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटे मागे चालतो. स्टेशनातील घड्याळात बारा वाजतात तेव्हा पाणचक्कीच्या हौदावर माध्यान्ह व्हावयास अजून अर्धा तास अवकाश असतो.

निरनिराळ्या काळांमध्ये पूल बांधण्याचे शास्त्रशुद्ध काम एका मराठी माणसाने केले, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ आणि रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी सिद्ध केलेला भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथ, हे दोन्ही १८९६ साली प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिशीत, दीक्षित वारले. कोणत्याही शकातील तिथी घ्यावी आणि ती दुसऱ्या कोणत्याही सनात कोठे पडते ते काढावे, अशी सोय त्यांनी करून दिली. त्यांनी कोणत्याही कालगणनेला मागासलेली ठरविले नाही. प्रत्येकीचे गणित तिच्या स्वतःच्या नियमाने समजून घेतले आणि मग तुलना केली. ही शिस्त पुढच्या मोजणाऱ्यांनी सर्वच वेळी पाळली असे म्हणवत नाही.

ते पुढचे मोजणारे अमेरिकेतले. फ्लॉरेन्स क्लकहोन आणि फ्रेड स्ट्रॉटबेक यांनी न्यू मेक्सिकोतील पाच शेजारी समाज घेतले, झुनी, नवाहो, स्पॅनिश-अमेरिकन, मॉर्मन आणि टेक्ससहून आलेले शेतकरी. आणि कोण भूतकाळाला, कोण वर्तमानाला, कोण भविष्याला अग्रक्रम देतो याचा ताळा १९६१ साली प्रसिद्ध केला. टॉमस कॉटल याची युक्ती तर बालबोध वाटावी इतकी साधी: कागदावर तीन वर्तुळे काढा, एक भूताचे, एक वर्तमानाचे, एक भविष्याचे, ती किती मोठी काढली आणि एकमेकांत किती शिरली यावरून मनुष्याची दृष्टी ओळखावयाची. हाँगकाँगमधील मायकेल बाँड याने १९८७ मध्ये बावीस देशांतील विद्यार्थ्यांची उत्तरे मांडली, आणि त्यातून दूरदृष्टीचे राष्ट्रवार आकडे निघाले. फिलिप झिंबार्डो आणि जॉन बॉइड यांनी १९९९ मध्ये छप्पन विधानांची प्रश्नावली रूढ केली, जिच्यात भूतकाळ कडू की गोड, वर्तमान सुखलोलुप की दैवाधीन, आणि भविष्याची ओढ किती, अशी पाच मापे आहेत. ती पुढे चोवीस देशांत लावून पाहिली, तेव्हा छप्पनांपैकी छत्तीस विधानेच सर्वत्र सारख्या अर्थाने टिकतात असे २०१४ साली आढळले. उरलेली वीस विधाने कोठे ना कोठे वेगळा अर्थ घेऊन बसली. हे त्या संशोधकांनी प्रामाणिकपणे सांगितले, याबद्दल त्यांचे कौतुक वाटते.

ही पाच मापे घेऊन छावणीच्या गुरुवारच्या बाजारात उभे राहावे. बैल विकावयास आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचारावे की तुमच्या आयुष्यात जे होते ते दैवाने होते काय. उन्हाळ्याच्या अखेरीस, कडब्याची गंजी संपत आली असता, तो होय म्हणेल आणि दैवाधीन ठरेल. त्यालाच मृगाच्या पहिल्या सरीनंतर विचारावे, जेव्हा त्याने बियाणे उधारीने आणून मातीत टाकले आहे, तर त्याच्याइतका भविष्यावर विश्वास ठेवणारा मनुष्य प्रश्नावलीला जगात सापडणार नाही. मृगसाल मृगातच का सुरू होत असे ते येथे समजते. त्याच्या वर्षाचा पहिला दिवसच येणाऱ्या पिकाकडे तोंड करून असतो. आणि मृगाच्या आधी दोन-अडीच महिने उभारलेली गुढी, गेलेल्या विजयाकडे पाहणारी, तीही त्याचीच असते.

त्यातून भाषेचा प्रश्न आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दक्षिण अमेरिकेतील आयमारा लोक भूतकाळाला डोळ्यांपुढे आणि भविष्याला पाठीमागे ठेवतात, असे २००६ मध्ये राफाएल नून्येस आणि ईव्ह स्वीट्सर यांनी दाखविले, तेव्हा त्याचे जगभर नवल झाले. आपल्या मराठीकडे पाहावे. ‘मागे एकदा’ म्हटले की गेलेली गोष्ट, ‘पुढे पाहू’ म्हटले की यावयाची. म्हणजे भूतकाळ पाठीशी. पण ‘पूर्वी’ म्हटले तरीही गेलेलीच गोष्ट, आणि पूर्व म्हणजे तर समोरची दिशा, उगवत्या सूर्याकडे तोंड केले असता जी पुढे येते ती. ‘पश्चात्’ म्हणजे पाठीमागून, आणि म्हणूनच नंतर. अग्रज हा आधी जन्मलेला आणि पुढे चालणारा, अनुज मागून येणारा. एकाच वाक्यात आपण ‘पूर्वी’ आणि ‘मागे’ दोन्ही वापरतो आणि भूतकाळ एकाच वेळी समोर आणि पाठीशी ठेवतो. आणि ‘परवा’! काल गेला त्याच्या आधीचा दिवसही परवा, आणि उद्या येणार त्याच्या पलीकडचाही परवा. आजच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असलेल्या दोन दिवसांना आपण एकच नाव दिले आहे, आणि ‘परवा आलो होतो’ की ‘परवा येतो’ हे क्रियापदावर सोपविले आहे. तीन वर्तुळे काढणाऱ्या मराठी मनुष्याच्या मनातील या दोन परवांपैकी कोणता कोणत्या वर्तुळात जातो, हे पेन्सिलीच्या रेषेवरून ओळखता यावयाचे नाही.

भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून शालिवाहन शकाचे राष्ट्रीय पंचांग स्वीकारले. देशात तीसच्या आसपास पंचांगे चालू असल्याचे त्या समितीस दिसून आले होते. परंतु मराठवाड्यात त्याच्या आठ-नऊ वर्षे आधीच काळ बदलला होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजामाची फौज शरण आली. शहरातील सरकारी कागदांवर तेव्हा १३५७ फसलीचा आबान हा शेवटचा महिना चालू होता. राजवट गेली, पण सन लगेच गेला नाही. १३५८ फसलीचा पहिला महिना, आजूर, नेहमीप्रमाणे ६ ऑक्टोबरला लागला. त्या वर्षी घटस्थापना ३ ऑक्टोबरची. म्हणजे खामच्या अलीकडे कचेरीत नव्या सनाची वही उघडली जात होती त्या दिवशी पलीकडे कर्णपुऱ्यात नवरात्राची माळ चढत होती, आणि ज्या चंद्राच्या कलांवर त्या माळा मोजल्या जात होत्या त्याच चंद्राच्या कलांवर शहरात जिल्हेजचे दिवस मोजले जात होते, कारण त्या वर्षी दसऱ्याच्या पाठोपाठच बकरी ईद होती.

त्या १३५८ सालीच संस्थानातील जहागिरी रद्द झाल्या. जुन्या व्यवस्थेचा मूलाधार उखडून कुळांपुढे नवे दिवस ठेवणारा तो कायदा आपल्या नावात शहाजहानने थांबविलेला सन बाळगतो. १९५० साली आलेला कुळकायदा मात्र इसवी सनाचा आहे. आज मराठवाड्यातील दफ्तरखान्यांत मोडी आणि उर्दू वाचणारे लोक पुन्हा बसले आहेत, कारण २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन कुणबी नोंदींची तपासणी हाती घेतली, आणि कित्येक तरुणांचे पुढचे शिक्षण व नोकरी पणजोबांच्या नोंदीवर अवलंबून झाली. वाचणारा कागद उजेडात धरतो, आजूर की दै की बहमन ते पाहतो, आकड्यात ५९० मिळवितो, महिना ध्यानात घेऊन गरज पडल्यास आणखी एक मिळवितो, आणि समोर बसलेल्या मुलाला तारीख सांगतो. मुलगा ती मोबाइलमध्ये लिहून घेतो आणि विचारतो, परवा येऊ का?